असामोआ ग्यानला फक्त त्या एका पेनल्टीसाठी लक्षात ठेवायचं का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या आठवड्यात भाचा घरी आला होता. अकरावीत आहे, पेठेतल्या संघाच्या ज्युनिअर टीममध्ये राईट विंगला खेळतो. बोलता बोलता घानाचा स्ट्रायकर असामोआ ग्यानचा विषय निघाला, तर तो पटकन म्हणाला, "तोच ना मामा, सुआरेझच्या हँडबॉलवर पेनल्टी घालवलेला?" बस, तेवढंच. बाकी काही ठाऊक नव्हतं त्याला. रात्री मला झोप लागेना. देशासाठी 109 सामने आणि 51 गोल, तीन विश्वचषक खेळला आणि तिन्हींत गोल केले. एवढं करून या माणसाची ओळख काय उरली, तर एक हुकलेला फटका. म्हणून हा धागा काढतोय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

त्या रात्रीपासूनच सुरू करतो, कारण तिला टाळून पुढं जाता येत नाही. 2 जुलै 2010. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत घाना विरुद्ध उरुग्वे, उपांत्यपूर्व सामना. आपल्याकडं सुरू झाला तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. त्याच संध्याकाळी हॉलंडनं ब्राझीलला 2-1 असं घरी पाठवलं होतं. कोल्हापुरात विश्वचषकाच्या वेळी राहिलेल्यांना सांगायला नको, निम्म्या गावात सुतक होतं. पिवळे झेंडे तसेच लोंबत होते आणि पोरं कट्ट्यावर मान खाली घालून बसली होती. आमच्या तालमीत टीव्हीसमोर आठ-नऊ जणच उरलो होतो आणि सगळे घानाकडून. आफ्रिकेतला पहिला विश्वचषक, आफ्रिकेचा एकच संघ उरलेला, आणि तोवर आफ्रिकेतला एकही संघ उपांत्य फेरीत गेलेला नव्हता.

मध्यंतराच्या तोंडावर मुंतारीनं लांबून गोल केला. नंतर फोर्लाननं फ्री किकवर बरोबरी साधली. जादा वेळ संपत आला, शेवटचा मिनिट. घानाला उजवीकडून फ्री किक मिळाली. चेंडू गर्दीत पडला, अपियाचा फटका गोलरेषेवर उरुग्वेच्या सुआरेझच्या अंगावर आदळून परतला, तोवर अदियानं डोक्यानं चेंडू ढकलला आणि तो सुआरेझनं दोन्ही हातांनी गोलकीपरसारखा बाहेर काढला. लाल कार्ड, पेनल्टी. ग्यान पुढं आला. त्याच स्पर्धेत सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं पेनल्टीवरच गोल केले होते, त्यामुळं आमच्यातला एकजण तर उठून नाचायलाच लागला होता. फटका जोरात, उंच. बारला लागून वर उडाला. तिकडं बोगद्याच्या तोंडाशी सुआरेझ मुठी आवळून नाचत होता, इकडं ग्यानचे दोन्ही हात डोक्यावर.

गोष्ट सगळे इथंच थांबवतात. माझं म्हणणं तिच्या पुढच्या भागाबद्दल आहे.

टायब्रेकर सुरू झाला. पहिला फटका फोर्लानचा, गोल. घानाकडून पहिला कोण? ग्यान. पाच मिनिटंही झाली नसतील हो! अख्खा खंड ज्याच्यामुळं रडायला लागलाय, तोच माणूस पुन्हा त्याच ठिपक्यावर चेंडू ठेवतोय. आणि मारला कसा? पुन्हा उंच, पुन्हा जोरात, फक्त या वेळी बारच्या खाली, वरच्या कोपऱ्यात. त्यानं जमिनीलगतचा सुरक्षित फटका मारला नाही, पळही बदलला नाही. पुढं मेन्सा आणि अदियाचे फटके उरुग्वेचा गोलकीपर मुसलेरानं अडवले, अब्रेऊनं चेंडू अलगद उचलून मधोमध टाकला आणि घाना 4-2 नं बाहेर. पण ग्यानचा तो दुसरा फटका मी आजही विसरलेलो नाही.

याला कारण आहे. 1998 साली एका स्थानिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टायब्रेकरला माझा फटका बाहेर गेला. पुढच्या मोसमात पुन्हा तशीच वेळ आली. सर रिंगणात उभे राहून विचारत होते, कोण कोण घेणार? मी खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. परत सोडली, परत बांधली. पाच नावं होईपर्यंत मान वर केली नाही. त्यानंतर मी कधीच पेनल्टी घेतली नाही. मला सावरायला वर्ष मिळालं होतं, तरी जमलं नाही. म्हणून त्या पाच मिनिटांचं मोल मला कळतं.

आता मागं जाऊ. 22 नोव्हेंबर 1985 चा जन्म, गाव अक्रा. लिबर्टी प्रोफेशनल्स हा तिथला क्लब, इसियन आणि मुंतारीही त्याच क्लबातून पुढं आले. अठरा पुरे व्हायला तीन दिवस असताना सोमालियाविरुद्ध बदली म्हणून पहिल्यांदा देशाकडून उतरला आणि शेवटच्या मिनिटाला गोल करून आला. तेवढ्यात इटलीच्या उदिनेझेनं उचललं. त्यांनी दोन मोसम मोडेनाला उसना दिला, दुसऱ्या श्रेणीत.

2006 मध्ये घाना पहिल्यांदाच विश्वचषकात. इटलीकडून हरल्यावर कोलोनला चेक प्रजासत्ताकाशी गाठ, त्यांच्या गोलात पेत्र चेक. दुसऱ्याच मिनिटाला लांबून आलेला चेंडू ग्याननं छातीवर घेतला आणि डाव्या पायानं कोपऱ्यात घातला. घानाचा विश्वचषकातला हा पहिला गोल, आणि त्या स्पर्धेतला सर्वांत जलद. वय वीस. गंमत बघा, त्याच सामन्यात त्यानं एक पेनल्टीही घालवली, चेंडू खांबाला लागला. पण घाना 2-0 नं जिंकलं, त्यामुळं ती कुणाच्या लक्षात नाही. पेनल्टी हुकल्याचं ओझं किती, हे शेवटी धावफलक ठरवतो.

2008 चा आफ्रिका कप घानातच होता. गिनीविरुद्ध ग्याननं पेनल्टीवर गोल केला, पण नामिबियाविरुद्ध 1-0 असा कसाबसा विजय मिळाला आणि त्यानं सोप्या संधी घालवल्या. लोक घरच्यांना धमक्या देण्यापर्यंत गेले. तो आणि संघातलाच त्याचा थोरला भाऊ बाफूर, दोघांनी बॅगा भरल्या होत्या. सहकाऱ्यांनी समजूत घालून थांबवलं. बावीस वर्षांचं पोर होतं ते. दोनच वर्षांनी अंगोलात याच पोरानं उपांत्यपूर्व फेरीत यजमान अंगोलाविरुद्ध 1-0, उपांत्य फेरीत नायजेरियाविरुद्ध 1-0, दोन्ही एकुलते गोल मारून घानाला अंतिम सामन्यात नेलं. तिथं इजिप्तनं 1-0 नं हरवलं.

आणि जोहान्सबर्गनंतर? लोकांना वाटतं हा संपला. मार्च 2011 मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी आत घुसून त्यानं 1-1 केलं, आणि घानाचे हजारो पाठीराखे लंडनमध्ये नाचले. त्याच मोसमात संडरलँडकडून प्रीमियर लीगमध्ये 10 गोल, त्यातला एक चेल्सीच्या घरात 3-0 जिंकताना.

मग फेब्रुवारी 2012. आफ्रिका कपाचा उपांत्य सामना, गाव बाता, समोर झांबिया. सुरुवातीलाच पेनल्टी मिळाली, ग्यान गेला, झांबियाचा गोलकीपर म्वीनेनं अडवली. झांबिया 1-0 नं जिंकलं. पुन्हा तोच गदारोळ. काही काळ त्यानं देशाकडून खेळणंच थांबवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची आई अपघातात गेली. जाण्याआधी तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, पेनल्टी घेत जाऊ नकोस. त्यानं ते पाळलं. 2013 च्या आफ्रिका कपात घानाच्या पेनल्ट्या मुबारक वाकासोनं मारल्या, कर्णधार ग्यान बाजूला उभा.

आईला पोराच्या गोलांची मोजदाद नको होती. त्याच्यामागं लागणारे लोक तिनं पाहिले होते. हे लिहितानाही गळा दाटतो.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी त्याला खेळताना पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

---

डावा_बॅक

सुंदर धागा. एक मुद्दा नियमाचा. सुआरेझला लोक शिव्या देतात, पण नियमात जी शिक्षा होती ती पूर्ण झाली: लाल कार्ड, पेनल्टी, पुढच्या सामन्याची बंदी. माझी तक्रार शिक्षेबद्दल आहे. रग्बीत नक्की होणारा गोल बेकायदा अडवला तर पंच सरळ 'पेनल्टी ट्राय' देतो, गुण मिळाल्यातच जमा. फुटबॉलमध्ये निश्चित गोलाच्या बदल्यात फक्त गोलाची संधी देतात. म्हणजे चोरी पकडली गेली तरी ऐवज परत मिळेलच असं नाही, तो परत मिळवायची जबाबदारी पुन्हा ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्यावरच! अदियाच्या डोक्यावरून तो चेंडू जाळ्यात निघाला होता. हिशेब लावायचा तर त्या रात्री ग्याननं काही घालवलं नाही. गोल आधीच काढून घेतलेला होता.

---

मडगावकर

डावा_बॅक, शंभर टक्के सहमत. 2022 मध्ये कतारला पुन्हा घाना-उरुग्वे आले, तेव्हा पत्रकारांनी सुआरेझला माफीबद्दल विचारलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की पेनल्टी मी चुकवली नाही, घानाच्या खेळाडूनं चुकवली, मी कशाला माफी मागू. त्या सामन्यातही घानाला पेनल्टी मिळाली आणि आंद्रे आयूची अडवली गेली. उरुग्वे 2-0 नं जिंकलं. पण तिकडं कोरियानं पोर्तुगालला हरवलं आणि जिंकूनही उरुग्वे बाहेर पडलं. सुआरेझ बाकावर बसून शर्टात तोंड खुपसून रडत होता. मला त्यात आनंद झाला नाही, खरं सांगतो. बारा वर्षांपूर्वी एकजण असाच रडताना पाहिला होता.

बाकी ग्यान भारतात खेळून गेलाय, हे कुणी लिहिलंच नाही! 2019-20 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) नॉर्थईस्ट युनायटेडकडून. गुवाहाटीला आमच्या एफसी गोवाशी 2-2 झालं त्यात एक गोल त्याचा होता. मी गोव्याचा पाठीराखा, मनवीरनं अगदी शेवटी बरोबरी केली म्हणून वाचलो. तेव्हा तो चौतिसाव्या वर्षात, गुडघे थकलेले, धाव मंदावलेली. पण बॉक्समध्ये पाठ गोलकडं करून उभा राहायचा आणि डिफेंडरला कमरेनं असा अडकवून ठेवायचा, की चेंडू येईपर्यंत त्या पोराला पुढं यायला जागाच मिळायची नाही. आमच्या गावात जुनी माणसं म्हणतात, पाय जातात पण जागा जात नाही.

---

खंडाळ्यापलीकडे

धागाकर्त्याच्या भावना समजतात, पण थोडी दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

पेनल्टीसाठी मीही त्याला दोष देत नाही. माझा आक्षेप 2011 च्या निर्णयाला आहे. संडरलँडनं तेव्हाच्या क्लबच्या विक्रमी किमतीला त्याला घेतलं, पहिल्या मोसमात दहा गोल झाले, आणि दुसरा मोसम सुरू होतो न होतो तोच तो अमिरातीत अल ऐनला निघून गेला. वय पंचवीस! स्ट्रायकरची खरी उमेदीची वर्षं ती. द्रोग्बा, एटो त्या वयात युरोपात घाम गाळत होते. ग्यानच्या अंगात तेवढंच होतं असं मला वाटतं, म्हणूनच जास्त लागतं. पुढं शांघायला गेला, प्रशिक्षक एरिक्सनच्या हाताखाली, तिथं दुखापतींतच वेळ गेला. मग दुबई, तुर्कस्तानचं कायसेरी, मग भारत.

दुसरं म्हणजे 2015 चा अंतिम सामना. आयव्हरी कोस्टविरुद्ध 0-0, टायब्रेकर येणार हे दिसत असताना अगदी शेवटी तो बदली होऊन बाहेर गेला. कर्णधार! घाना 9-8 नं हरलं. गोलीसुद्धा पेनल्टी मारायला उभे राहिले त्या दिवशी. आयव्हरी कोस्टच्या बारीनं स्वतः विजयाचा फटका मारला. आणि 2019 मध्ये कर्णधारपद आंद्रे आयूला दिलं म्हणून निवृत्ती जाहीर केली, राष्ट्राध्यक्षांनी फोन केल्यावर मागं घेतली. हेही करिअरचंच पान आहे ना?

---

वाळवंटातला मराठी

खंडाळ्यापलीकडे, अल ऐनबद्दल मी लिहितो. तिथं आठ वर्षं राहिलोय, 2009 ते 2017.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आखाती लीग म्हणजे म्हातारे खेळाडू पैसे घ्यायला येतात. ग्यान तिथं आरामाला आला नव्हता. पहिल्या मोसमात 22 गोल, दुसऱ्यात 31, तिसऱ्यात 29. तिन्ही वर्षं लीगमध्ये सर्वाधिक. तो असताना अल ऐननं तीनदा लीग जिंकली. 2014 च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये 12 गोल मारून तो स्पर्धेत पहिला आला आणि क्लब उपांत्य फेरीपर्यंत गेला.

मी एका गोदामात हिशेबाचं काम करायचो. आमच्याबरोबर घानाचे दोघं ड्रायव्हर होते. सामन्याच्या दिवशी ते दुपारपासून घड्याळाकडं बघायचे. ड्यूटी संपली की मी, ते दोघं, एक मल्लू आणि एक पेशावरी, पाच जण एका पिकअपमधून निघायचो. 2014 च्या जानेवारीत हझ्झा बिन झायेद स्टेडियम सुरू झालं. बाहेरची भिंत खजुराच्या खोडासारखी दिसते, रात्री दिवे लागले की बघत राहावं. आत सगळा जांभळा रंग. पाठीवर 3 नंबर घालणारा स्ट्रायकर मी दुसरा पाहिला नाही. गोल झाला की ग्यान कोपऱ्यातल्या झेंड्याकडं पळायचा आणि तिथं नाचायचा. अरब शेख, बंगाली मजूर, आमचे ड्रायव्हर, सगळे उभे. एरवी त्या गावात हे लोक एका ओळीत कधी उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

एकदा मी त्यातल्या एकाला विचारलं, त्या पेनल्टीचा राग येतो का रे? तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्या रात्री मी त्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं मला विचारलं, तुझ्या मुलाकडून चूक झाली तर त्यालाही असंच बोलशील का? त्या दिवसापासून तो ग्यानला 'आमचा पोरगा' म्हणायचा.

पंचविसाव्या वर्षी युरोप सोडला हे खरं. पण तिथूनही तो देशाकडून खेळायला जात राहिला आणि गोल करत राहिला. तीन विश्वचषक सोडाच, आफ्रिका कपाच्या सलग सहा स्पर्धांत त्याचा गोल आहे, 2008 ते 2017. 'उतरत्या' लीगमध्ये राहून हे जमत असेल, तर उतार नेमका कुठं होता?

---

पेठेची_लेक

लई भारी धागा दादा. 2010 ला मी सातवीत होते. ब्राझील हरलं म्हणून बाबांनी टीव्ही बंद केला होता, त्यामुळं घानाचा सामना आम्ही सकाळी पेपरात बघितला. तो फोटो अजून आठवतोय.

मला 2014 चा ग्यान जास्त आवडतो. फोर्तालेझाला जर्मनीशी 2-2. मुंतारीचा पास, ग्यान पळत सुटला आणि त्यांच्या गोलकीपर नॉयरला काही करता आलं नाही, घाना 2-1 नं पुढं! पुढं जाऊन विश्वविजेती झालेली जर्मनी ती. मग क्लोझं आला आणि त्यानं बरोबरी केली. पुढच्या सामन्यात पोर्तुगालविरुद्ध त्यानं डोक्यानं गोल केला आणि विश्वचषकातले त्याचे एकूण सहा झाले. कॅमेरूनच्या रॉजर मिलाचे पाच होते. आफ्रिकेतल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त गोल. या विक्रमावर कुणी बोलत नाही, पेनल्टीवर सगळे बोलतात.

आणि ती स्पर्धा कशात चालली होती बघा. खेळाडूंचे पैसे थकलेले, शेवटी सरकारनं विमानानं रोख रक्कम ब्राझीलला पाठवली. मुंतारी आणि बोटेंगला शेवटच्या सामन्याआधी घरी पाठवलं. कर्णधार म्हणून ग्यान त्या सगळ्याच्या मधोमध होता. त्यात गोल करणं सोपं नाही.

---

वैद्यबुवा_सांगलीकर

खंडाळ्यापलीकडे यांनी 2015 चा शेवट सांगितला, मी त्याच स्पर्धेची सुरुवात सांगतो. ग्यान मलेरियानं आजारी होता. सेनेगलविरुद्धचा पहिला सामना तो खेळला नाही आणि घाना 2-1 नं हरलं. चारच दिवसांनी अल्जीरियाविरुद्ध तो मैदानात उतरला. मलेरियातून उठलेला रुग्ण मी रोज बघतो. ताप गेला तरी जिना चढताना धाप लागते. हा माणूस पूर्ण सामना खेळला आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर लांब पासमागं धावत जाऊन एकुलता गोल करून आला. तो गोल नसता तर घाना त्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलंच नसतं. शेवटच्या मिनिटाला बाहेर गेला हे लिहायचं तर हेही लिहायला हवं.

---

खंडाळ्यापलीकडे

वैद्यबुवा, मलेरियाची गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. शब्द मागं घेत नाही, पण त्या बदलीबद्दल आता तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. वाळवंटातला मराठी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कर्णधारपदावरून रुसणं मात्र मला अजूनही पटत नाही. स्पर्धा तोंडावर असताना संघाला तसं सोडायचं नसतं.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

खंडाळ्यापलीकडे, राग कसला. 2019 चं मलाही खटकलं होतं. एवढंच म्हणेन, प्रशिक्षकानं स्पर्धेच्या तोंडावर कर्णधार बदलणं हेही तितकंच चुकीचं होतं. शेवटी तो गेला, बदली म्हणून खेळला, तक्रार केली नाही. पुढं 2023 च्या जूनमध्ये त्यानं खेळाला रामराम केला.

तुमच्या प्रतिसादावरून तारखा पुन्हा ताडून पाहिल्या आणि एक गोष्ट सापडली. झांबियाविरुद्ध पेनल्टी गेली तो सामना 8 फेब्रुवारी 2012 चा, बाता गावातला. आयव्हरी कोस्टविरुद्धचा तो अंतिम सामनाही 8 फेब्रुवारीचाच, 2015 सालचा, आणि तोही बातातच. तेच मैदान, तीच तारीख. आई जाऊन दोन वर्षं झालेली. टायब्रेकरला तो का नव्हता, पाय संपले होते की आणखी काही, ते त्यालाच ठाऊक. पण त्या मैदानात त्याला काय काय आठवत असेल हे डोक्यातून जात नाही.

मडगावकर, घानाचे स्ट्रायकर आपल्याकडं नवीन नाहीत. युसिफ याकुबू तुमच्या चर्चिल ब्रदर्सकडून आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला होता. 2006 ला महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा तो संघात होता. कूपरेजवर त्याला बघायला आम्ही रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरहून गेलो होतो. त्यावर वेगळा धागा काढा ना तुम्ही.

---

दक्षिण_तळ

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांगा. वाचत होतो आणि राहवेना. धागाकर्त्यांनी आईची गोष्ट लिहिली, वाकासोनं पेनल्ट्या मारल्याचं लिहिलं. पुढचं थोडं मी पाहिलंय.

मी नौदलात आहे. 2019 च्या डिसेंबरात कोचीला होतो. 28 तारखेला कलूरच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्स आणि नॉर्थईस्टचा सामना होता. बायको-मुलगा सुट्टीला आले होते म्हणून तिकिटं काढली. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला पिवळा शर्ट घेऊन दिला होता. मध्यंतराआधी ओगबेचेनं पेनल्टीवर ब्लास्टर्सला पुढं नेलं. मैदान दणाणलं.

मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नॉर्थईस्टला पेनल्टी. मला वाटलं कुणी दुसरा घेईल. ग्याननं चेंडू उचलला. मी ताडकन उभा राहिलो. भोवताली सगळे ओरडत होते, शिट्ट्या, हातवारे. पिवळ्या गर्दीत मी एकटाच गप्प असेन. मुलानं विचारलं, बाबा, काय झालं? मी म्हटलं, थांब, बघ.

त्यानं चेंडू ठिपक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी. मागं गेला. मला आता त्याचा पळ आठवत नाही, कुठल्या कोपऱ्यात गेला तेही आठवत नाही, कारण त्या क्षणी मी चेंडूकडं नाही, वरच्या बारकडं बघत होतो. जाळं हललं. स्टेडियम शांत झालं. मी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं ओरडतात की काय, ब्लास्टर्सच्या गर्दीत बसून टाळ्या म्हणजे. ते मल्याळममध्ये काहीतरी बोलले, मला त्यातला एकच शब्द कळला, 'घाना'. आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

सामना 1-1 सुटला. परत येताना बसमध्ये मुलाला जोहान्सबर्गची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, मग आईनं नको म्हटलं होतं तरी आज का मारली? मला उत्तर देता आलं नाही.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

दक्षिण_तळ, हे मला माहीत नव्हतं. त्या मोसमात मी आयएसएल बघत नव्हतो, मडगावकरांनी लिहीपर्यंत तो भारतात किती सामने खेळला हेसुद्धा नीट ठाऊक नव्हतं. तुमचा प्रतिसाद भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवला. उद्या सकाळी सहाला त्याला घेऊन मैदानावर जातोय. बूट माळ्यावरून काढलेत. नाड्या कुजल्या होत्या, नवीन घालून ठेवल्यात.